पाच ग्रॅम क्रिएटिनचा शरीरातला हिशेब: नवशिक्यांसाठी प्रयोगशाळेतील मोजणीचे मार्गदर्शन

कोल्हापुरात तालमीच्या खुराकात दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मटण यांच्या जोडीला आता क्रिएटिनचा डबाही येऊन बसला आहे. त्यामुळे जीवरसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणारे विद्यार्थी प्रकल्पाचा विषय शोधताना साहजिकच पैलवानांकडे वळतात. "सर, पावडर घेतल्यावर शरीरात तिचं नेमकं काय होतं, ते मोजायचं आहे," हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि ऐकून मला आनंदच होतो, कारण प्रश्न चांगला आहे, मोजता येण्याजोगा आहे आणि ज्यांच्यासाठी मोजायचे ती माणसे गंगावेशीतल्या किंवा मोतीबाग तालमीत रोज भेटणारी आहेत. मात्र बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी यंत्राविषयी विचारतात. माझा अनुभव असा आहे की या कामातल्या मोठ्या चुका यंत्रात होत नाहीत. त्या पेल्यात, सुईपाशी आणि लघवीच्या कॅनमध्ये होतात. म्हणून या लेखात यंत्राआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

आधी दोन नावांतला फरक

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन ही नावे ऐकायला सारखी असल्यामुळे नोंदवहीत त्यांची अदलाबदल सहज होते, आणि एकदा झालेली अदलाबदल पुढे सापडत नाही. क्रिएटिन हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरुल यांनी १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून वेगळा केला. आपले शरीर तो आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून मूत्रपिंड आणि यकृत यांच्या भागीदारीत तयार करते, आणि उरलेला वाटा मांस-मासळीतून येतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातले सुमारे ९५ टक्के सांगाड्याच्या स्नायूंत असते. या साठ्यातला दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप, कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय, क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. थोडक्यात, क्रिएटिन हा कामाचा माल आहे आणि क्रिएटिनिन हे त्याचे उरलेले टाकाऊ रूप आहे. दवाखान्याच्या अहवालात 'सीरम क्रिएटिनिन' म्हणून छापलेला आकडा या दुसऱ्या पदार्थाचा असतो. पावडरीचा माग काढण्यासाठी आपल्याला पहिला आकडा हवा असतो, आणि दुसरा सोबत लागतो.

मी विद्यार्थ्यांना नळ्यांवर निळ्या शाईने 'टिन' आणि लाल शाईने 'निन' असे लिहायला सांगतो. हा बालिश उपाय वाटेल, पण त्याने दोन प्रबंध वाचवले आहेत.

पायरी पहिली: प्रश्न एका वाक्यात लिहा

"शरीर क्रिएटिन कसे वापरते" हा प्रश्न फार मोठा आहे. त्याऐवजी "उपाशीपोटी घेतलेल्या ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेटनंतर आठ तासांत प्लाझ्मातली (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातली) पातळी कशी चढते-उतरते आणि चोवीस तासांत किती क्रिएटिन लघवीतून निघून जाते" असे लिहिले की किती नळ्या, किती वेळा, किती माणसे हे सगळे आपोआप ठरू लागते. नवशिक्याने एकाच मात्रेचा, एकाच वेळी घेतलेल्या डोसाचा अभ्यास हाती घ्यावा. रोज पावडर घेऊन महिन्याभरात स्नायूंतला साठा किती वाढला, हा प्रश्न आकर्षक असला तरी त्यासाठी स्नायूचा तुकडा काढावा लागतो किंवा खास समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) वापरावे लागते. पहिल्या प्रकल्पात त्या वाटेला जाऊ नये.

पायरी दुसरी: परवानगी आणि संमती

माणसाच्या रक्ताला हात लावण्याआधी नोंदणीकृत संस्थात्मक नैतिकता समितीची लेखी मान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचूनच आराखडा लिहावा, आणि पहिला सहभागी घेण्यापूर्वी अभ्यासाची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया या नोंदणीत करावी. रक्त काढण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे आणि त्या वेळी डॉक्टर हाताशी असावेत. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा नियमित औषधे असलेल्यांना या अभ्यासात घेऊ नये.

तालमीच्या बाबतीत एक गोष्ट अधिक जपावी लागते. तालमीत वस्तादांचा शब्द अंतिम असतो, आणि वस्ताद "जा रे, रक्त देऊन या" म्हणाले की पोरे रांगेने उभी राहतात. ही संमती नव्हे. वस्तादांना आधी भेटावे, विषय समजावून सांगावा, त्यांचा मान ठेवावा. पण संमतीपत्र वाचताना प्रत्येक पैलवान एकटा असावा, मजकूर साध्या मराठीत असावा, आणि "मला नको" म्हणणाऱ्याचे नाव वस्तादांपर्यंत जाणार नाही हे त्याला स्पष्ट सांगावे. अठरा वर्षांखालील मुले तालमीत पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असे दोन्ही लागते, म्हणून पहिल्या अभ्यासात फक्त प्रौढच घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी तिसरी: पावडर आणि पेला

सर्व सहभागींना एकाच बॅचची पावडर द्यावी आणि त्या बॅचमधले क्रिएटिन आधी स्वतः मोजून घ्यावे. डब्यावरचा आकडा हा दावा असतो. आपल्या वजाबाकीत तो जसाच्या तसा वापरता येत नाही. शिवाय मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा रेणू जोडलेला असतो. मोनोहायड्रेटचा रेणुभार १४९.१५ आणि निव्वळ क्रिएटिनचा १३१.१३ असल्यामुळे ५ ग्रॅम पावडरीत प्रत्यक्ष क्रिएटिन ४.४० ग्रॅमच असते, म्हणजे ३३.५ मिलिमोल. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण शेवटच्या पानावर त्याची गरज पडणार आहे. डब्यातला प्लास्टिकचा चमचा वापरू नये. प्रत्येक मात्रा विश्लेषण-तराजूवर तोलून वेगळ्या पुडीत बांधावी.

आता पेल्याकडे या. क्रिएटिन मोनोहायड्रेट पाण्यात फार विरघळत नाही; २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे १४ ग्रॅमच मावते. दोनशे मिलिलिटर थंड पाण्यात ५ ग्रॅम ढवळून पैलवानाला प्यायला दिले, तर तो एका दमात पेला रिकामा करतो आणि तळाशी बारीक साखरेसारखा पांढरा थर राहतो. तो थर बोटाने चाचपून पाहा, कचकच लागते. तेवढी मात्रा पोटात गेलेलीच नसते, आणि आलेखात मात्र "या माणसात शोषण कमी" असे दिसते. म्हणून ४०० मिलिलिटर कोमट पाणी घ्यावे, द्रावण निवळशंख होईपर्यंत ढवळावे, लगेच पाजावे, आणि मग पेला ५० मिलिलिटर पाण्याने दोनदा विसळून तेही पाजावे. लिंबू पिळू नये, कारण आम्लात क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन होऊ लागते. आदल्या रात्री द्रावण करून ठेवणेही याच कारणासाठी चुकीचे आहे.

पायरी चौथी: तांबडा-पांढरा रस्सा आणि बाकीचा खुराक

कोल्हापुरात हा अभ्यास करणाऱ्याला ही पायरी टाळता येत नाही. कच्च्या मटणात किलोमागे साधारण चार ते पाच ग्रॅम क्रिएटिन असते. मटण तासभर शिजले की त्यातल्या काही क्रिएटिनचे क्रिएटिनिन होते, आणि दोन्ही पदार्थ पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते रश्श्यात उतरतात. म्हणजे फोडी बाजूला ठेवून नुसता पांढरा रस्सा प्यायलेला माणूसही मोजणीच्या दृष्टीने शाकाहारी राहत नाही. अशा जेवणानंतर काही तास रक्तातले क्रिएटिनिन चढलेले दिसते, आणि ते पाहून मूत्रपिंडाची शंका घेणारा अहवाल तयार होऊ शकतो. चाचणीआधी किमान तीन दिवस मांस, मासे आणि रस्सा पूर्ण बंद ठेवावा. "सुकं खाल्लं नाही, फक्त रस्सा घेतला" हे उत्तर ग्राह्य धरू नये.

बरेच जण सुचवतात की अभ्यास श्रावणात घ्यावा, कारण अनेक घरांत महिनाभर मांसाहार बंद असतो. सूचना सोयीची आहे आणि मी तिच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो आणि तो पावडरीतले क्रिएटिन अधिक ओढून घेतो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तपासलेला पैलवान आणि चौथ्या आठवड्यात तपासलेला पैलवान यांना एका गटात टाकू नये. सगळ्यांना एकाच टप्प्यावर तपासावे. जे आधीपासून पावडर घेत आहेत त्यांनी ती थांबवून किमान सहा आठवडे झालेले असावेत, कारण भरलेला स्नायू पूर्वपदावर यायला चार ते सहा आठवडे लागतात.

चाचणीच्या आदल्या दिवसापासून जोर-बैठका आणि लढती बंद ठेवाव्यात. घाम गेल्याने रक्त घट्ट होते आणि प्रत्येक पदार्थाची पातळी फुगल्यासारखी दिसते. सकाळची थंडाईही बंद ठेवावी, आणि त्याचे कारण वेगळे आहे: साखर आणि पिष्ट पदार्थांमुळे इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन वाढले की स्नायू क्रिएटिन जास्त घेतात. एकाने गोड थंडाई पिऊन आणि दुसऱ्याने उपाशीपोटी मात्रा घेतली, तर दोघांच्या आलेखांतला फरक थंडाईचा असतो. मात्रेनंतर चार तासांनी सर्वांना सारखेच, तोलून दिलेले शाकाहारी जेवण द्यावे. भाकरी, वरण आणि भाजी पुरेशी आहे.

पायरी पाचवी: रक्त

पहिला नमुना मात्रेच्या आधी घ्यावा. त्यानंतर अर्धा तास, एक तास, दोन, चार, सहा आणि आठ तास असे नमुने घ्यावेत; शिखर साधारण तासा-दीड तासात येते, म्हणून शक्य असल्यास दीड तासाचा एक नमुना वाढवावा. दरवेळी सुई टोचण्याऐवजी हातात कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक नळी) बसवावी. प्रत्येक नमुन्यासाठी तीन मिलिलिटर रक्त पुरते. घड्याळातली खरी वेळ लिहावी. नियोजन साडेसातचे असेल आणि रक्त सात चौतीसला निघाले असेल, तर वहीत सात चौतीसच यावे, कारण शिखराजवळ चार मिनिटांनीही आकडा हलतो.

हिरव्या बुचाच्या हेपॅरिन नळीत रक्त घेऊन ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करावी, बर्फावर ठेवावी, आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा. या घाईचे कारण असे आहे की लाल पेशींच्या आत क्रिएटिनचे प्रमाण प्लाझ्मापेक्षा बरेच जास्त असते. पेशी फुटल्या किंवा नळी नुसती पडून राहिली, तर ते क्रिएटिन बाहेर झिरपते आणि आपल्या आकड्यात मिसळते. माझ्या पहिल्याच अभ्यासात सेंट्रिफ्यूज दुसऱ्या कामात अडकले होते आणि मी सहा नळ्या टेबलावर दोन तास राहू दिल्या. त्या माणसांचा उपाशीपोटीचा आकडा इतरांच्या जवळजवळ दुप्पट आला. मी आठवडाभर त्यांच्या आहारात कारण शोधत राहिलो, आणि कारण माझ्या टेबलावर होते. ते सहा जण पहाटे पाचला आले होते; त्यांचे रक्त वाया गेल्याची खंत मला आजही आहे. त्या दिवसापासून सेंट्रिफ्यूज मोकळे आहे का, हे पाहिल्याशिवाय मी सुईचे वेष्टन उघडू देत नाही.

प्लाझ्मा गुलाबी दिसला तर पेशी फुटल्या आहेत असे समजावे, तशी नोंद करावी आणि तो नमुना हिशेबात घेऊ नये. चांगला प्लाझ्मा फिक्या पिवळ्या, उसाच्या रसापेक्षाही निवळ रंगाचा असतो. त्याचे दोन-तीन लहान भाग करून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे एक भाग वितळवून खराब झाला तरी दुसरा शिल्लक राहतो.

पायरी सहावी: चोवीस तासांची लघवी

हा भाग सर्वांत साधा दिसतो आणि सर्वांत जास्त वेळा फसतो. सकाळी मात्रा घेण्याआधी मूत्राशय रिकामे करावे आणि ती लघवी गोळा करू नये. तिथून पुढे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी, शेवटची धरून, कॅनमध्ये यावी. कॅन बर्फाच्या पेटीत ठेवावा, कारण उन्हाळ्याच्या दुपारी त्यात जिवाणू वाढतात आणि क्रिएटिनिन खातात. बाकीच्या अनेक चाचण्यांसाठी लघवीत आम्ल घालतात. इथे ते अजिबात घालू नये, नाहीतर आपल्याला जे क्रिएटिन मोजायचे तेच क्रिएटिनिन होऊन जाईल. मात्रेच्या आदल्या दिवसाचीही चोवीस तासांची लघवी घ्यावी, म्हणजे मूळ पातळी वजा करता येते.

पैलवान आंघोळीला गेला आणि तिथेच लघवी केली, असे हमखास घडते. तो हे सांगत नाही, कारण त्याला वाटते आपण रागावू. म्हणून आधीच सांगावे की राहिले तर फक्त वेळ सांगा, कोणी काही बोलणार नाही. तरीही पडताळा हवाच, आणि इथे क्रिएटिनिन मदतीला येते. निरोगी पुरुष दिवसाला शरीराच्या किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन बाहेर टाकतो. म्हणजे ८५ किलोच्या पैलवानाच्या कॅनमध्ये १.७ ते २.१ ग्रॅमच्या आसपास मिळायला हवे. एक ग्रॅमच मिळाले, तर कॅनमध्ये सगळी लघवी आलेली नाही, हे कोणाला न दुखावता कळते.

पायरी सातवी: मोजणी

क्रिएटिनिन मोजण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत म्हणजे याफे यांनी १८८६ मध्ये नोंदवलेली अभिक्रिया: अल्कलीत पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिनचा संयोग होऊन नारिंगी-तांबडा रंग येतो आणि तो वर्णमापकावर वाचतात. ती स्वस्त आहे, पण ग्लुकोज, कीटोन आणि प्रथिनेही काही प्रमाणात तसाच रंग देतात. पिक्रिक आम्ल कोरडे पडले की स्फोटक होते, म्हणून बाटलीतले आम्ल कायम ओले असल्याची खात्री करावी आणि झाकणाभोवती कोरडे स्फटिक दिसले तर बाटलीला हात न लावता मार्गदर्शकांना बोलवावे. लघवीचा एक भाग आम्लात तापवून त्यातल्या क्रिएटिनचे क्रिएटिनिन करायचे आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांतला फरक हे मूळ क्रिएटिन समजायचे, ही जुनी रीत हात बसवण्यासाठी उत्तम आहे. प्लाझ्मातल्या लहान पातळीसाठी मात्र ती पुरत नाही.

प्लाझ्मासाठी एचपीएलसी, म्हणजे दाबाखाली द्रव स्तंभातून पाठवून मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारे यंत्र, वापरावे. एक भाग प्लाझ्मात तीन भाग थंड अॅसिटोनायट्राइल घालून प्रथिने साक्याच्या रूपात खाली बसवावीत, फिरवून वरचा निवळ भाग घ्यावा. क्रिएटिन हा अतिशय जलप्रिय रेणू असल्यामुळे नेहमीच्या सी-१८ स्तंभावर तो थांबत नाही. सुरुवातीच्या कचऱ्याबरोबरच वाहून येतो. त्यासाठी जलप्रिय आंतरक्रियेचा, म्हणजे हिलिक प्रकारचा स्तंभ किंवा आयन-जोडी पद्धत लागते. २१० नॅनोमीटरला वाचन घेता येते, पण त्या तरंगलांबीला जवळपास सगळेच शोषण दाखवते, तेव्हा शिखर खरोखर क्रिएटिनचेच आहे हे आपण सिद्ध करायचे असते.

वस्तुमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) जोडलेले यंत्र मिळाले तर ही अडचण सुटते. त्यात क्रिएटिनचा १३२ वस्तुमानाचा आयन तुटून ९० चा तुकडा होतो आणि क्रिएटिनिनचा ११४ चा तुटून ४४ चा होतो, आणि या जोड्यांवरून दोघांना वेगळे ओळखता येते. सोबत तीन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेले क्रिएटिन ठरावीक प्रमाणात प्रत्येक नमुन्यात अगदी सुरुवातीला घालावे. त्याची जोडी १३५ आणि ९३ अशी असते. पुढे नमुना थोडा सांडला किंवा यंत्राची संवेदनशीलता हलली, तरी दोन्ही क्रिएटिने सारखीच घटतात आणि गुणोत्तर टिकते. असे यंत्र विभागात नसेल तर दुसऱ्या संस्थेत शुल्क भरून नमुने चालवून घेता येतात. तसे करताना कोरड्या बर्फातून नमुने स्वतः घेऊन जावेत आणि धावेच्या (यंत्रावरच्या एका सलग मोजणीच्या) वेळी तिथे थांबावे, असा माझा आग्रह असतो.

आता एक पेच. प्रमाण वक्र (ज्ञात प्रमाणे आणि यंत्राचे वाचन यांचा आलेख) काढण्यासाठी क्रिएटिन नसलेला प्लाझ्मा हवा, आणि तसा प्लाझ्मा जगात कोणाचाच नसतो. यावर उपाय म्हणून अल्ब्युमिनच्या द्रावणात वक्र काढतात, किंवा खऱ्या प्लाझ्मात ज्ञात प्रमाणात क्रिएटिन वाढवत जातात. दोन्ही करून दोन्ही रेषांचा उतार सारखा येतो का ते पाहावे. उतार वेगळे आले तर अल्ब्युमिनचा वक्र वापरू नये.

पद्धतीची खातरजमा करताना २०२२ चे आयसीएच या आंतरराष्ट्रीय औषध-मानक संस्थेचे एम-१० हे मार्गदर्शन पाळावे: वक्रात शून्य सोडून किमान सहा पातळ्या, प्रत्येक धावेत कमी, मध्यम आणि जास्त पातळीचे गुणवत्ता-नमुने, आणि मोजलेला आकडा खऱ्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत, सर्वांत खालच्या पातळीला २० टक्क्यांच्या आत. एका माणसाचे सगळे नमुने एकाच धावेत चालवावेत.

पायरी आठवी: गणित

खालचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा प्लाझ्मातले क्रिएटिन, मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये, सुरुवातीला ५०, अर्ध्या तासाने ४००, एका तासाने ७००, दोन तासांनी ४५०, चार तासांनी २५० आणि सहा तासांनी १५० आले. आलेखाखालचे क्षेत्रफळ समलंब चौकोनांनी काढायचे, म्हणजे दोन शेजारच्या आकड्यांची सरासरी गुणिले मधला वेळ. ते अनुक्रमे ११२.५, २७५, ५७५, ७०० आणि ४०० येते, बेरीज २०६२.५. त्यातून मूळ पातळीचा आयत, ५० गुणिले ६ म्हणजे ३००, वजा केला की १७६२.५ उरतात. ही वजाबाकी विसरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

मूळ पातळी वजा केल्यावर शेवटचे तीन बिंदू ४००, २०० आणि १०० असे येतात. दर दोन तासांनी पातळी निम्मी होते आहे, म्हणून अर्धायुकाल दोन तास. सहाव्या तासालाही १०० शिल्लक आहेत, तेव्हा आलेख संपलेला नाही. उरलेली शेपटी १०० भागिले ०.३४७, म्हणजे सुमारे २८८ होते, आणि ती एकूण क्षेत्राच्या १४ टक्के आहे. अंदाजाने जोडलेला भाग २० टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. आठ तासांपर्यंत नमुने घ्यायला वर सांगितले ते याचसाठी.

लघवीचा हिशेब याहून सोपा आहे. आदल्या दिवसाचे वजा करून चोवीस तासांत १८०० मिलिलिटर लघवीत लिटरमागे ५ मिलिमोल क्रिएटिन मिळाले, तर एकूण ९ मिलिमोल झाले. आता वहीचे पहिले पान उघडा: दिले होते ३३.५. म्हणजे सुमारे २७ टक्के बाहेर गेले.

पायरी नववी: अर्थ लावताना

इथे थांबून विचार करावा लागतो. औषधांच्या अभ्यासात क्षेत्रफळ कमी आले की शोषण कमी झाले असे म्हणायची सवय असते. क्रिएटिनला ही सवय लावली तर उलटा निष्कर्ष निघू शकतो, कारण रक्त हे क्रिएटिनचे घर नाही, वाट आहे. ज्याचे स्नायू भुकेले आहेत त्याच्या रक्तातून क्रिएटिन लवकर उचलले जाते, क्षेत्रफळ लहान येते आणि लघवीतही थोडेच दिसते. ज्याचे स्नायू भरलेले आहेत त्याच्या रक्तात ते रेंगाळते आणि लघवीत भरपूर उतरते. क्षेत्रफळ लहान आणि लघवीतले प्रमाणही लहान असे दिसले तर स्नायूंनी घेतले असण्याची शक्यता मोठी असते. पण तळाशी थर राहिलेला पेलाही नेमके हेच चित्र दाखवतो. पेला विसळण्याचा आग्रह मी का धरतो, ते आता लक्षात यावे.

रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे फार स्वच्छपणे दाखवले. पाच ग्रॅमच्या एका मात्रेनंतर तासाभरात प्लाझ्मातली पातळी लिटरमागे सुमारे ८०० मायक्रोमोलपर्यंत गेली, एक ग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने मात्र ती थोडीच हलली. आणि रोज मोठी मात्रा चालू ठेवल्यावर लघवीतून जाणारा वाटा पहिल्या दिवशी ४० टक्के, दुसऱ्या दिवशी ६१ आणि तिसऱ्या दिवशी ६८ टक्के झाला. साठा भरत गेला तसे शरीर वरचे सोडून देऊ लागले. स्नायूला हात न लावता केवळ लघवीवरून हे वाचता आले, ही गोष्ट मला आजही सुंदर वाटते.

एक सावधगिरी. भरदार स्नायूंचा, मटण खाणारा आणि पावडर घेणारा पैलवान सीरम क्रिएटिनिन १.४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) घेऊन आला, तर त्यावरून मूत्रपिंड बिघडले असे आपण म्हणू नये आणि काही नाही असेही म्हणू नये. निदान हा आपला अधिकार नाही. त्याला डॉक्टरांकडे पाठवावे आणि चिठ्ठीत पावडर, मात्रा, शेवटचे मांसाहारी जेवण आणि शेवटचा व्यायाम यांच्या तारखा लिहून द्याव्यात; स्नायूंवर आणि मांसाहारावर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही चाचणी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.

पायरी दहावी: निकाल परत नेणे

प्रत्येक सहभागीला त्याचा आलेख मराठीत, एका पानावर, त्याच्या हातात द्यावा. उभ्या अक्षावर काय आहे, आडव्या अक्षावर काय आहे आणि रेषा कुठे चढली हे त्याच्या शेजारी बसून सांगावे. गटाची सरासरी वस्तादांना दाखवता येते, कोणा एकाचा आकडा दाखवता येत नाही. उरलेले नमुने संमतीपत्रात लिहिलेल्या मुदतीनंतर जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार नष्ट करावेत आणि त्याची तारीख वहीत नोंदवावी. गेल्या खेपेला एका पैलवानाने आपला कागद बराच वेळ निरखला आणि तासाच्या शिखरावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे हे सातला प्यालो, ते आठला इथं होतं, मग दुपारी कुठं गेलं?" मी त्याच्या दंडाकडे बोट केले, आणि मग लघवीच्या कॅनचा आकडा उलगडून दाखवला.